हाड मोडल्याचा कागद

प्रवासात शेजारच्यानं "काय करता?" असं विचारलं, तर मी "सर्वेक्षणात आहे" एवढं सांगून गप्प बसतो. पूर्ण उत्तर दिलं तर माणूस जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागतो. पूर्ण उत्तर असं आहे: आमच्या कार्यकर्त्या खेडोपाडी जाऊन पन्नाशी ओलांडलेल्या बायकांना विचारतात, तुमचं हाड कधी मोडलं होतं का? जी "हो" म्हणते, तिचं म्हणणं खरं आहे की नाही, हे मी तपासतो.

हे काम कुणी आपणहून निवडत नाही. मी पूर्णेच्या एका शाळेत क्लार्क होतो. हजेरीपटाच्या उभ्या-आडव्या बेरजा जुळल्याशिवाय मला जेवण जात नसे. शाळेच्या तुकड्या कमी झाल्या, माझी जागा गेली, आणि कुणीतरी एका संस्थेला माझं नाव सुचवलं. त्यांना असाच माणूस हवा होता.

काम समजायला अवघड नाही. उतारवयात बायकांची हाडं आतून विरविरीत होत जातात. उभ्या उभ्या पडल्या तरी मोडतात. एकदा असं मोडलं की पुन्हा मोडण्याचा धोका वाढतो. म्हणून कुणाचं आधी मोडलंय हे कळलं, तर पुढचं कदाचित टाळता येतं. सगळ्यांचे एक्स-रे काढणं परवडत नाही. विचारणं स्वस्त असतं. पण विचारून मिळालेलं उत्तर किती खरं धरायचं? त्यासाठी मी. बाई ज्या दवाखान्याचं नाव सांगेल तिथं जायचं, रजिस्टर बघायचं, फिल्म मिळाली तर ती बघायची आणि फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात तीनपैकी एक शेरा लिहायचा: 'जुळलं', 'कागद नाही', किंवा 'जुळलं नाही'. पहिल्या दोन शेऱ्यांच्या बायकांना जीपनं परभणीला नेत, एक्स-रे काढत, हाडांची ताकद मोजत आणि गरज असेल तिला औषध सुरू करत. तिसरा शेरा पडला की नाव वगळलं जाई. 'कागद नाही' म्हणजे पुरावा सापडला नाही. 'जुळलं नाही' म्हणजे बाईचं सांगणंच चुकीचं निघालं. हा फरक मी नव्या मुलींना दर वेळी फळ्यावर लिहून समजावत असे.

संस्थेचे आकडे इथं देत नाही, ते माझे नाहीत. माझा अनुभव सांगतो. मनगट आणि खुबा यांबाबत बायका सहसा चुकत नाहीत. बरगडीबाबत चुकतात, मुका मार असला तरी मोडली म्हणतात. सगळ्यात जास्त घोळ मणक्याचा. ज्यांचा मणका खरोखर दबलेला असतो त्या "कंबर धरलीय" एवढंच म्हणतात, आणि ज्यांच्या मणक्यात नुसती झीज असते त्या छातीठोकपणे "मणका मोडलाय" म्हणून सांगतात. "मणक्यात गॅप हाय" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की पुढं पुढं बाई बसायच्या आधीच मला ते ऐकू यायचं.

जिंतूर तालुक्यातल्या एका आजीचं डावं मनगट सरळ सरळ वाकडं होतं. फॉर्मवर मात्र 'मोडलं नाही'.

"आजी, मग हे वाकडं कशानं?"

"ते व्हय? ते बसवलं की. हाड बसवनारा व्हता आमच्याकडं. कामट्या बांधल्या, बसलं."

"मोडलं म्हणूनच बसवलं ना?"

"बसलं म्हनल्यावर मोडलं कुटं ऱ्हायलं?" असं म्हणून तिनं मलाच वेड्यात काढलं. पलस्तर झालं तर मोडलं, कामट्या बांधल्या तर नाही, हा हिशेब मग मला गावोगाव भेटला.

दुसऱ्या एका गावात सकाळी बातमी पसरली की हाड मोडलेल्यांना पगार सुरू होणार आहे. दुपारपर्यंत त्या गल्लीतल्या एकाही बाईचं हाड शाबूत राहिलं नाही. आणखी एका घरात मी खुब्याची फिल्म मागितली तर सुनेनं खिडकीकडं बोट दाखवलं. फुटक्या काचेच्या जागी फिल्म खिळ्यांनी ठोकली होती. बाहेरच्या उजेडात हाड आणि त्यातला तडाही स्वच्छ दिसत होता. मी तिथं उभं राहूनच 'जुळलं' लिहिलं.

अशा गोष्टी मी घरी सांगायचो आणि सगळे हसायचे. पुढची गोष्ट मी घरी बरेच दिवस सांगितली नाही. यात नावं बदलली आहेत. लिहू का, असं त्यातल्या बाईच्या भावाला मी विचारलं होतं, तो "ल्ह्या" म्हणाला.

चारठाण्याजवळच्या एका गावात रुक्मिणबाई नावाच्या सदुसष्ट वर्षांच्या बाई राहत. मुलगा, सून, नातू, नातसून असं भरलेलं घर. त्यांची मुलाखत आमच्या सुरेखाताईंनी घेतली. सुरेखाताई जिंतूरच्या, वयानं माझ्याएवढ्या. बायकांशी बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि माझी थट्टा करण्यातही. "सर, तुमी मानसाची न्हाई, कागदाची नाडी बगता," असं त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या.

रुक्मिणबाईंनी त्यांना सांगितलं होतं की मणका मोडलाय, डॉक्टरनं फोटो काढून तसं सांगितलंय. कारण विचारलं तर पायरीवरून घसरले. उपचार जिंतूरला. सुरेखाताईंनी हे सगळं रकान्यांत भरलं होतं आणि फॉर्मच्या समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात एक ओळ लिहिली होती: 'सून आल्यावर बोलणं बदललं. एकटीला परत विचारावं.'

समासात लिहिलेलं मी वाचत नसे. समास संगणकात जात नाही.

मी जिंतूरच्या त्या डॉक्टरांकडं गेलो. केसपेपर सापडला. पाठीत दुखतं, घसरून पडल्या, दोन दिवसांच्या गोळ्या. एक्स-रे काढल्याची नोंद नाही. मग मी रुक्मिणबाईंच्या घरी गेलो. आमचा नियम असा की बाईला एकटीला विचारायचं. त्या दिवशी मला आणखी दोन गावं करायची होती, आणि घरातले सगळे ओसरीवर बसलेलेच होते. मी तिथंच फॉर्म उघडला.

"आजी, फोटो कुठं काढला होता?"

"तितंच."

"तिथंच म्हणजे?"

"जिंतूरला." त्यांनी सुनेकडं बघितलं.

"मी जाऊन आलो जिंतूरला. फोटोची नोंद नाही तिथं."

मुलगा म्हणाला, "फोटू-बिटू काय न्हाई काडला, सायेब. मीच नेलतं मोटारसायकलवर. गोळ्या दिल्या आन् घरी आलो. मोडलेल्या मानसाला मोटारसायकलवर आनता येतंय का?"

"मग मणका मोडला हे तुम्हाला कुणी सांगितलं, आजी?"

रुक्मिणबाई म्हणाल्या, "माझ्या मणक्यानं सांगितलं."

नातसून पदरात तोंड घालून हसली. मीही हसलो. "अहो, गॅप असेल. तो सगळ्यांनाच असतो."

"तुमाला ल्ह्यायचं ते ल्ह्या, दादा. माझं हाड मला म्हाईत हाय."

मी 'जुळलं नाही' असं लिहिलं. 'कागद नाही' लिहिता आलं असतं. पण डॉक्टर एक सांगतो, मुलगा तेच सांगतो, बाईचं वेगळंच, म्हणजे हे नुसतं कागद न सापडणं नव्हे, असं मी ठरवलं. खोटं सांगणं पकडल्याचं थोडं समाधानही झालं होतं. ते नाकारून उपयोग नाही.

महिन्याभरानं परभणीला न्यायची जीप त्या गावात गेली. सुरेखाताई सोबत होत्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या त्या बसल्याच नाहीत.

"सर, रुक्मिनबाईचं नाव यादीत का न्हाई?"

"जुळलं नाही त्यांचं."

"पिशवी घिऊन आलत्या जीपपशी. पिशवीत भाकरी बांधून. डायव्हरनं यादी वाचली, नाव न्हाई. म्हनल्या, चुकून ऱ्हायलं आसंल, बगा परत. मी काय बगू?"

"सुरेखाताई, नियम आहे."

"मी समासात ल्हिलं व्हतं."

"समासातल्या गोष्टी धरायला लागलो तर सगळा तक्ता कोसळेल," मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा फार बरोबर वाटलं होतं. फॉर्म कपाटात होता, माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर. मी उठलो नाही. सुरेखाताई आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलल्या, मग पूर्ववत झाल्या. मीही विसरलो.

पुढच्या थंडीत एका सकाळी साठ-पासष्टीच्या पुढचा एक माणूस ऑफिसात आला. धोतर, टोपी, काखेत कापडी पिशवी. राणीसावरगावहून पहाटेच्या गाडीनं निघून आला होता. नाव मारोतराव.

"कागदं जुळवनारे तुमीच का?"

"हो. बसा."

"बसत न्हाई." त्यांनी पिशवीतून तपकिरी पाकीट काढलं, त्यातली फिल्म काढली आणि टेबलावर ठेवली. "हे जुळवा."

मी फिल्म खिडकीशी धरली. पाठीच्या कण्याचा एक्स-रे, बाजूनं काढलेला. मी डॉक्टर नाही, पण इतक्या वर्षांत हजारो फिल्म हाताखालून गेल्या होत्या. सगळे मणके चौकोनी असतात. त्यातला एक पुढच्या बाजूनं पाचरीसारखा चेपला होता. कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत नाव होतं: केवळाबाई. पुढं मारोतरावांचंच आडनाव, वय सदुसष्ट. गंगाखेडच्या एका खाजगी दवाखान्याचा शिक्का. तारीख जिंतूरच्या केसपेपरच्या दोन महिने आधीची.

"या केवळाबाई कोण?"

"माझी भैन."

"आमच्या यादीत केवळाबाई कुणी नाही."

"तुमच्या यादीत रुक्मिन आसंल. ते सासरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळात नवऱ्यानं काडलं ते. आमच्या घरी ती केवळाच हाय. दवाखान्यात मी नेली, मला इचारलं, मी आपलं घरचं नाव सांगितलं. त्यात काय गुन्हा झाला?"

गुन्हा काहीच नव्हता. या वयाच्या निम्म्याअधिक बायकांना दोन नावं असतात, हे मला माहीत होतं. माझ्या आईलाही होती. पण फॉर्मवर नावाचा रकाना एकच होता, आणि तो मी इतकी वर्षं पुरेसा मानला होता.

"पण त्या तर म्हणाल्या, पायरीवरून पडले, जिंतूरला नेलं."

मारोतराव आता बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पंचमीला माह्यारी आली व्हती. आमच्या लिंबाला झोका बांधलेला. भावजया, भाच्या, सगळ्या पोरीबाळी. ह्यांनी आग्रव केला, आत्या बसा, आत्या बसा. बसली. ल्हानपनी लय चढवायची झोका. ती चढवायलाय, आन् ह्या खाली टाळ्या वाजवायल्यात. दोर सटकला. बूड आदळलं जमिनीवर. गंगाखेडला नेली. डाक्टर म्हनला, मणका दबला, महिनाभर पडून ऱ्हा. मी म्हनलं, तुझ्या घरी कळवतो. तर हात जोडले. म्हनली, मारोती, नातसुना आल्यात माझ्या घरात. म्हातारी झोक्यावरून पडली म्हनून गावभर करत्याल. ताप आलाय म्हनून सांग. मी सांगितलं तसं. महिनाभर ठिवून घेतली."

महिन्यानं त्या सासरी गेल्या. पाठ दुखायची, पण दुखतंय म्हणायला कारण नव्हतं. मग एक दिवस ओल्या पायरीवर त्यांचा पाय घसरला, सगळ्यांच्या देखत. फार लागलं नव्हतं. पण त्या दिवसापासून त्यांना उघडपणे कण्हता आलं. मोडलेला मणका त्यांनी त्या घसरण्याच्या नावावर टाकला. मी तपासलं ते घसरणं. ते खरंच किरकोळ होतं. माझी तपासणी अचूक होती.

"आता कशा आहेत?"

"आता?" मारोतराव माझ्याकडं बघत राहिले. "कापडं काडायला गेली अंगनात, आन् पडली. खुबा मोडला. आप्रेशन झेपायचं न्हाई म्हनले, हृदयाचं काय तरी निगालं. पडूनच हाय दोन महिने. काल भेटायला गेलो तर म्हनली, त्या दादानं मला खोट्यात काडलं. नाव पडलं असतं तर परभनीला नेलं असतं, औशद मिळालं असतं. शेजारच्या बाईला मिळतंय. साहेब, माझी भैन झोक्यापायी खोटं बोलली. हाडाचं खोटं न्हाई बोलली."

औषध वेळेवर मिळालं असतं तर खुबा वाचला असता का, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, धोका कमी झाला असता. किती ते एका बाईपुरतं सांगता येत नाही. हे उत्तर मला पाठ आहे. मीच ते लोकांना देत आलो. त्या दिवशी ते मला कुठंच ठेवता येईना.

मी फॉर्म काढला. पेन्सिलीची ओळ जागेवर होती.

दुसऱ्या दिवशी सुरेखाताईंना घेऊन मी त्या गावी गेलो. त्या भेटीनंतर रुक्मिणबाई सव्वादोन महिने जगल्या.

त्या आतल्या खोलीत बाजेवर होत्या. सुनेनं त्यांना नीट ठेवलं होतं. पाठीखाली मऊ घडी होती, खोलीला वास नव्हता. माणूस एवढा लहान होतो हे मी बघितलं होतं, तरी मला त्या लगेच ओळखू आल्या नाहीत. त्यांनी मला ओळखलं.

"या दादा. मणका जुळला का?"

"जुळला, आजी. मारोतराव फिल्म घेऊन आले होते. चूक माझी होती."

सूनबाई चहा ठेवायला उठल्या, नातसून दारातच उभी होती. सुरेखाताई तिला म्हणाल्या, "तुमी जरा भाईर थांबता का, ताई? आमाला आजीशी एकटं बोलायचंय."

"थांबू द्या," रुक्मिणबाई म्हणाल्या. "आता कशाला भाईर. ऐक गं तू बी. मी पायरीवरून पडले न्हाई. पंचमीला झोक्यावरून पडले, भावाच्या घरी. लय उंच चढवला व्हता."

नातसून हसली नाही. ती आत आली आणि बाजेच्या पायथ्याशी बसली.

"किती उंच, आजी?" तिनं विचारलं.

"फांदीला पाय लागस्तवर," रुक्मिणबाई म्हणाल्या.

आमच्याकडं चुकीचा शेरा बदलायला दुरुस्तीची चिठ्ठी असते. जुनं उत्तर, नवं उत्तर, कारण, पुरावा आणि सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा. मी लिहायला बसलो. नाव: रुक्मिणबाई. माहेरचं नाव: केवळाबाई, यासाठी रकाना नव्हता, मी आडवं लिहिलं. कोणतं हाड: मणका. कारण.

"काय लिहू, आजी?"

"झोका. खरं ते ल्ह्या."

मी 'झोक्यावरून पडून' असं लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

"आता मला कवा बोलवनार परभनीला?"

सुरेखाताई खिडकीकडं बघायला लागल्या. मी आजवर हजार बायकांना सांगितलं होतं की हो किंवा नाही असं सरळ उत्तर द्या.

"नाही, आजी. ते काम संपलं. जीप आता येत नाही. डॉक्टरांना मी विचारलं, पण तुम्हाला बसतं करून नेता येणार नाही, आणि औषध आता लागू पडायला..."

"म्हंजी न्हाई."

"नाही."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मी शाईची डबी बंद करायला लागलो, तेव्हा त्यांनी डोळे न उघडता हात पुढं केला. "घ्या की अंगठा. तेवढ्यासाठीच आलता ना."

मी त्यांचा अंगठा शाईत टेकवला आणि चिठ्ठीवर धरला. त्यांनी जोर लावून दाबला, बराच वेळ. जन्मभर खुरपं धरलेल्या अंगठ्यावर रेषा उरलेल्या नसतात. हात उचलला तेव्हा कागदावर नुसता निळा डाग होता.

"उमटला का?" त्यांनी विचारलं.

"उमटला," मी म्हणालो.